स्मूदीच्या पेल्याचा हिशेब



गेल्या वर्षी वाढदिवसाला लेकीने मला नवा मिक्सर दिला. "आई, सकाळी स्वयंपाकघरात उभी राहत जाऊ नकोस. स्मूदी पी, पौष्टिक असते," असे बजावून ती गेली. मीही आज्ञाधारकपणे रोज सकाळी पीत राहिले. एक केळे, दोन मोठे मेजूल खजूर आणि पेलाभर ओटचे दूध. वरून साखर एक कणही नाही. आमच्या कॅमडेनमध्ये कॉफीच्या दुकानात गेले की आधी "दूध कोणते?" असे विचारतात. ओट, बदाम, सोया, नारळ. मला वाटले, आपणही काळाबरोबर चाललो आहोत.

तीन महिन्यांनी रक्ताची नेहमीची तपासणी झाली. एचबीएवनसी ४९ वरून ५७ वर गेले होते. भारतातल्या आणि इस्राएलमधल्या वाचकांसाठी सांगते, म्हणजे ६.६ टक्क्यांवरून ७.४ टक्क्यांवर. दवाखान्यातली नर्स माझ्या नातीच्या वयाची. तिने शांतपणे विचारले, "सकाळच्या पेल्यात काय काय असते?" हा प्रश्न मी स्वतः नोकरीत असताना शेकडो लोकांना विचारला असेन. उत्तर देता देता मीच थांबले.

घरी येऊन कागद-पेन्सिल घेतली. सोललेल्या मध्यम केळ्यात सुमारे २० ग्रॅम कर्बोदके. दोन मेजूल खजुरांत ३० ते ३५ ग्रॅम. २५० मिली ओटच्या दुधात १५ ग्रॅमच्या पुढे. बेरीज सत्तरच्या घरात. म्हणजे पावाच्या चार स्लाइस! चार स्लाइस मी एका बैठकीत कधीच खाल्ल्या नसत्या, पण पेला दोन मिनिटांत रिकामा होत होता. दुसऱ्या दिवशी स्मूदीनंतर दोन तासांनी बोटाला सुई टोचून साखर पाहिली. १३.२ आली, म्हणजे तुमच्याकडची २३८. (इथल्या आकड्याला १८ ने गुणले की तिकडचा आकडा मिळतो.)

आपल्या लोकांनी हे विशेष जपायला हवे. दक्षिण आशियाई माणसाला मधुमेह कमी वजनातही गाठतो. म्हणून इंग्लंडमध्ये इतरांना बीएमआय २५ झाल्यावर सावध करतात, तर आपल्याला २३ लाच.

दाटपणा वेगळा, गोडी वेगळी

आपली चूक होते ती इथे. स्मूदी दाट व्हावी म्हणून आपण केळे, आंबा, खजूर घालतो. पण दाटपणा साखरेनेच येतो असे नाही. तो स्निग्धांशाने आणि तंतूंनीही येतो.

हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. मटणाच्या जेवणात दूध-दही चालत नाही, म्हणून बेने इस्राएल घरांत रश्शाला नारळाचे दूध घालतात. रोश हशानाचा हलवा नारळाच्या दुधातला, खिरीच्या सणाची खीरही नारळाच्या दुधातली. त्या खिरीला दाटपणा नारळ देतो आणि गोडी गूळ देतो. गूळ काढून घेतला तरी नारळ आपले काम करतोच. दुधाला पर्याय शोधायला आपल्याला दूर जायला नको होते. कोकणातून येताना तो आपण बरोबरच आणला होता.

कोणते दूध घ्यावे?

डब्याच्या पुढच्या बाजूला काय लिहिले आहे ते सोडा. डबा उलटा करून १०० मिलीमागे दोन ओळी वाचा, कर्बोदके आणि प्रथिने.

साधे गाईचे दूध: कर्बोदके पावणेपाच ग्रॅमच्या आसपास, प्रथिने साडेतीन.

बिनसाखरेचे सोया दूध: कर्बोदके एक ग्रॅमच्या आत, प्रथिने तीन ग्रॅमच्या वर. या यादीत प्रथिनांत गाईच्या दुधाच्या जवळ येणारे दूध हेच.

बिनसाखरेचे बदाम दूध: कर्बोदके नाममात्र, पण प्रथिनेही अर्ध्या ग्रॅमच्या आसपासच. डब्यात बदाम दोन-तीन टक्केच असतात, बाकी पाणी.

ओटचे दूध: कर्बोदके सहा-सात ग्रॅम. ओटमधला स्टार्च कारखान्यातच फोडला जातो आणि त्याची साखर होते. म्हणून "साखर घातलेली नाही" हे वाक्य खरे असूनही दूध गोड लागते.

नारळ: डब्यातले घट्ट दूध आणि कार्टनमधले "कोकोनट ड्रिंक" या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कार्टनमध्ये बहुतेक पाणी असते, काहींत तांदूळही असतो. स्मूदीला घट्ट दूध थोडेच घ्यावे. त्यातला स्निग्धांश संपृक्त असतो. कोलेस्टेरॉल किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी दोन चमच्यांवर थांबावे आणि बाकी सोया वापरावे.

आणखी एक गोष्ट. प्रौढ माणसाला दिवसाला ७०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. घरी केलेल्या बदाम किंवा नारळाच्या दुधात ते फारसे नसते. विकतच्या दुधात बहुधा १०० मिलीमागे १२० मिलिग्रॅम घातलेले असते, मात्र "ऑरगॅनिक" लिहिलेल्या डब्यांत बहुतेक वेळा नसते. घातलेले कॅल्शियम तळाशी बसते, म्हणून डबा नीट हलवून घ्यावा.

तीन पेले (प्रत्येकी एका माणसासाठी)

१. ॲव्होकाडो-वेलची
अर्धा पिकलेला ॲव्होकाडो, बिनसाखरेचे सोया दूध २०० मिली, घट्ट नारळाचे दूध दोन मोठे चमचे, अर्ध्या लिंबाचा रस, दोन वेलदोड्यांची पूड, चिमूटभर मीठ, तीन-चार बर्फाचे खडे. सगळे मिक्सरमधून मिनिटभर फिरवावे. लिंबाने रंग हिरवा राहतो, वेलचीने गोडीचा भास होतो. कर्बोदके पाच ग्रॅमच्या आत. पोट दुपारपर्यंत भरलेले राहते.

२. बदाम-स्ट्रॉबेरी
वीसेक बदाम रात्री भिजत घालावेत, सकाळी सोलावेत. २०० मिली पाणी घालून आधी बदाम अगदी बारीक वाटावेत. मग मूठभर (८० ग्रॅम) गोठवलेल्या स्ट्रॉबेरी आणि चमचाभर चिया घालून पुन्हा फिरवावे. पाच-दहा मिनिटे ठेवले की चियाने दाट होते. गाळू नये, गाळले तर तंतू जातात आणि प्रथिनेही. कर्बोदके सात-आठ ग्रॅम, प्रथिने सुमारे सहा. स्ट्रॉबेरी गोठवलेल्याच घ्याव्यात. स्वस्त पडतात आणि बर्फ लागत नाही.

३. सोलकढी
हो, हीसुद्धा! पाच-सहा आमसुले अर्धी वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करावीत व गाळावीत. १०० मिली घट्ट नारळाचे दूध, तेवढेच पाणी, लसणाची एक पाकळी, हिरव्या मिरचीचा तुकडा आणि कोथिंबीर मिक्सरमधून काढून त्यात आमसुलांचे पाणी मिसळावे. साखर नको. आमसुले खारवलेली असतात, म्हणून मीठ शेवटी आणि चव पाहूनच. तापवू नये, फुटते. यात घट्ट नारळ जास्त आहे, तेव्हा रोज नको, आठवड्यातून एक-दोनदा पुरे. आमसुले आमच्या ड्रमंड स्ट्रीटसारख्या भारतीय दुकानांच्या रस्त्यावर शोधावीत.

गोडाची सवय एकदम सुटत नाही. पहिले पंधरा दिवस अर्धे केळे घाला, मग पाव, मग सोडा. जीभ तीन-चार आठवड्यांत वळणावर येते. आणि फळांची स्मूदी व रस मिळून दिवसाला १५० मिलीपेक्षा जास्त नको, असा एनएचएसचा सल्ला आहे. तो लहान मुलांनाही लागू आहे.

कोशेर घरासाठी

हे तिन्ही पेले पार्वे आहेत, मटणाच्या जेवणानंतरही चालतात. मात्र डब्यावर कोशेरची खूण पाहावी, कारण काही कारखान्यांत त्याच यंत्रांवर गाईचे दूधही भरतात. मिक्सरचे पार्वे भांडेही वेगळे असावे. बदामाचे दूध काही आजचे नाही. सोळाव्या शतकात क्राकोवच्या रब्बी मोशे इस्सर्लिस यांनी लिहून ठेवले आहे की मांसाबरोबर बदामाचे दूध असेल तर शेजारी थोडे बदाम ठेवावेत, म्हणजे पाहणाऱ्याचा गैरसमज होत नाही. पेसाहात ओटचे दूध अर्थातच बाद, ओट हमेत्झ आहे.

हे वाचल्याशिवाय सुरू करू नका

इन्सुलिन किंवा ग्लिक्लाझाइड घेत असाल तर कर्बोदके अचानक कमी केल्यावर साखर फार खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांना किंवा नर्सला विचारून मात्रा बदलून घ्या. साखर ४ च्या (तिकडच्या ७२ च्या) खाली गेली, घाम सुटला, हात थरथरू लागले, तर यातला कोणताही पेला पिऊ नका. स्निग्धांशामुळे साखर चढायला वेळ लागतो. तेव्हा लहान पेलाभर फळांचा रस किंवा ग्लुकोजच्या गोळ्याच हव्यात.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा गोळ्या चालू असतील तर कर्बोदके फार कमी करणे धोक्याचे. साखर ठीक असतानाही रक्तात आम्ल वाढू शकते. मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर वाट पाहू नका, तडक इस्पितळ गाठा.

थायरॉइडची गोळी सोया किंवा कॅल्शियम घातलेल्या दुधाबरोबर घेऊ नये, चार तासांचे अंतर ठेवावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास ॲव्होकाडो, बदाम, नारळ विचारूनच. आणि घरातले म्हातारे माणूस वाळत चालले असेल, जेवण कमी झाले असेल, तर त्याच्यापुढे जेवणाऐवजी बदामपाण्याचा पेला ठेवू नका. त्याला प्रथिने हवीत, अंडे, मासे, डाळ हवी.

माझे पुढे काय झाले? सहा महिन्यांनी एचबीएवनसी ५१ वर आले. सगळे श्रेय पेल्याला देत नाही. भात निम्मा केला आणि रोज दुपारी रीजंट्स कालव्याच्या काठाने अर्धा तास चालू लागले. लेकीचा मिक्सर अजून रोज फिरतो. फक्त शेजारी चष्मा ठेवलेला असतो, डब्यामागची बारीक अक्षरे वाचायला.

तुमच्याही पेल्यात काय काय आहे, ते एकदा कागदावर मांडून पाहा. सर्वांना उत्तम आरोग्य लाभो.