राजीखुशीने घेतलं, मग तोटा कसा?



"कोणी जबरदस्ती केली होती का? राजीखुशीनेच घेतलंत ना?" मागच्या पावसाळ्यातल्या मत्स्यबीजाची तक्रार केली, तेव्हा विकणाऱ्याने आम्हाला हेच ऐकवलं. खोटं नाही. किरनापूरची आमची बोडी भरली होती, भाव पटला, पैसे मोजले. त्या दिवशी दोघंही खूश होते.

पण घेणारा फायद्याच्या आशेवर घेतो. फायदा झाला की नाही, ते जाळं ओढल्यावर कळतं, आणि आपल्या धंद्यात तोवर आठ-दहा महिने जातात. जिरे रोहूचे की मृगळाचे, नुसत्या डोळ्यांनी कोण सांगेल? आम्ही रोहू-कतल्याचे पैसे दिले. उन्हाळ्यात निघाले बरेचसे सायप्रिनस. हा मासा तळाचा चिखल उकरतो, पाणी गढूळ करतो आणि बोडीतच अंडी घालतो. एकदा शिरला की निघता निघत नाही.

रोहू-कतला साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, म्हणून बी दरवर्षी आणावंच लागतं. पूर्वी ते नदीतून धरत. 10 जुलै 1957 ला डॉ. हिरालाल चौधरींनी इंजेक्शन देऊन कार्पचं प्रजनन साधलं, तेव्हापासून हॅचरीचं बी आलं. सोय झाली, पण पिशवीत काय आहे ते विकणाऱ्यालाच ठाऊक. जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल हेच मांडलं होतं: माल कसा आहे हे एकालाच माहीत असेल, तर खराब माल चांगल्याला बाजाराबाहेर ढकलतो. त्यांना पुढे 2001 मध्ये नोबेल मिळालं. आपल्याला मिळाले सायप्रिनस!

आणि राजीखुशी तरी किती? बोडी भरली की बी टाकायला दिवस थोडेच. त्यात उधारीवर जाळं देणाऱ्यालाच मासळी घालायची असेल, तर भाव तो म्हणेल तो.

चूक आमचीही होती. पावती घेतली नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतः राबून पोट भरणाऱ्याने धंद्यासाठी घेतलेला मालही येतो, तक्रारीला दोन वर्षं मिळतात. पण कागदच नाही, तर दाखवणार काय?

यंदा जिरे नको, बोटभर लांबीचं बी घेऊ. त्यात जात ओळखू येते. मापाचा एक कप आपण स्वतः मोजायचा. पावतीवर जात आणि संख्या लिहून घ्यायची. काही दिवस बी हाप्यात ठेवून मगच बोडीत सोडायचं. हाप्यासाठी बांबू कोण देतं, ते कमेंटमध्ये कळवा.