कूस बदलणारे हात

पक्षाघातानं उजवी बाजू गेल्यापासून काकूंना स्वतःहून कूस बदलता येत नाही. ती बदलतात त्यांच्या सूनबाई, माझ्या वहिनी. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. मुक्कामाला होतो तेव्हा खाटेशी उभं राहून मी ते नीट पाहिलं.

"आई, वळवते हं," असं आधी सांगायचं. मग गुडघे दुमडायचे, एक हात खांद्यावर, दुसरा कमरेच्या हाडावर ठेवायचा आणि अंग आपल्याकडे वळवायचं. पाठीशी उशी, गुडघ्यांमध्ये उशी. टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली चादरीची घडी. कूस वळली की वहिनी माकडहाडापाशी लाल झालेल्या कातडीवर बोट दाबून पाहतात. दाबल्यावर लाली फिकी पडली तर ठीक. तशीच राहिली तर तिथं बेडसोर धरू लागलाय. तो खोल गेला की भरायला महिने लागतात. मग ओलं पुसून कोरडं करायचं, चादरीवरची प्रत्येक सुरकुती काढायची.

सगळ्यात अवघड काम खाली घसरलेलं अंग वर घेण्याचं. ओढलं तर कातडी सोलवटते, म्हणून अंगाखाली जुन्या सुती साडीची जाड घडी घातलेली असते. ती दोन बाजूंनी दोघांनी धरून उचलायची. हे काम दोघांचंच आहे. वहिनी एरवी एकट्या करतात. त्यांची कंबर आता कायमची दुखते. त्या रात्री दुसरं टोक मी धरलं, तर क्षणात झालं.

काकूंचा मुलगा, दादा, वाईट मुलगा नाही. औषधं, डॉक्टर, बँक, रिपोर्टची फाइल सगळं तो बघतो. पण त्याच्या कामांना वेळ ठरलेली आहे आणि ती संपतात. शिवाय ती चारचौघांना दिसतात. रात्री दोनला कण्हणं ऐकून उठणारं माणूस कुणाला दिसत नाही.

बाईचं बाईनंच करावं, आईला संकोच वाटतो, असं घरात म्हणतात. संकोच खराच आहे. पण सासरे अंथरुणाला खिळले होते तेव्हा त्यांचं अंग पुसणं, लघवीचं भांडं देणं हेही वहिनींनीच केलं. तेव्हा संकोचाचा विषय कुणी काढला नव्हता.

हे एकाच घरातलं नाही. देशाच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रियांनी घरातल्यांची देखभाल केल्याचं नोंदलं गेलं. पुरुष २१ टक्क्यांच्या आसपास. यात मुलांची देखभालही आली. तुटलेली झोप मात्र मिनिटांत मोजता येत नाही.

कायद्याचंही पाहा. आईवडिलांच्या निर्वाहाच्या २००७च्या कायद्यात मुलगा, मुलगी, नातवंडं जबाबदार आहेत, सून नाही. २०१९मध्ये दुरुस्ती विधेयक आलं, त्यात सून आणि जावई जोडण्याचा प्रस्ताव होता. म्हणजे सुनेची आठवण झाली ती तिच्यावर जबाबदारी टाकण्यासाठी. वर्षानुवर्षं ती जे करत आली त्याचा मोबदला, तिची विश्रांती, तिची कंबर यांबद्दल कुणी बोललं नाही. हा सरळ अन्याय आहे.

घरात कुणी अंथरुणाला खिळलं असेल, तर डिस्चार्जच्या दिवशी नर्स कूस बदलायला शिकवते तेव्हा मुलानंही खाटेशी उभं राहून शिकून घ्यावं. आणि एक दिवसाआड रात्रपाळी त्यानंच करावी.