बाईच्या हाती करवत

"पाच नंबरची ब्लेडं आहेत का हो, स्क्रोल सॉची? एक डझन हवी होती."

शहापूरच्या बाजारपेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानात मी हे विचारलं, तेव्हा दुकानदार भाऊंनी आधी माझ्या मागे पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. मग अगदी सौजन्याने म्हणाले, "मिस्त्रींना पाठवा ना ताई, त्यांना बरोबर समजेल कुठली ती."

"मिस्त्री मीच," असं म्हणायचा धीर मला त्या दिवशी झाला नाही. "बरं," म्हणून बाहेर पडले, कोथिंबीर घेतली आणि घरी आले. याला आता पाच वर्षं होऊन गेली.

मैत्रिणींनो, आमच्या शाळेत आठवड्यातून दोन तास हस्तव्यवसायाचे असत. मुलांना सुतारकाम आणि मुलींना शिवणकाम. काजं, हूक, टाके, उसवण, पुन्हा टाके. खिडकीतून शेजारच्या वर्गातला लाकडाच्या भुश्शाचा वास यायचा आणि माझं सगळं लक्ष तिकडे. दादाकडे यू आकाराची, बारीक पात्याची एक करवत होती, तिला आम्ही फ्रेटसॉ म्हणायचो. एकदा त्याला प्लायवूडचा मोर कापून न्यायचा होता. त्याच्याकडून पाती सटासट तुटायची, म्हणून रात्री बसून तो मोर मी कापला. मोराला वर्गात पहिला नंबर मिळाला. नाव अर्थातच दादाचं!

पुढे बी.ए. झाले, लग्न होऊन शहापूरला आले, संसार, मुलं, बचत गटाची कामं. धाकटा शिकायला पुण्याला गेला त्या वर्षी माहेरचा माळा आवरताना ती करवत सापडली. गंजलेली, पण फ्रेम शाबूत. दादा म्हणाला, "घेऊन जा, तुझीच होती ती."

सुरुवात त्या हातकरवतीनेच केली. हौस कुणालाही करून बघायची असेल तर मीही हेच सुचवीन. काही शे रुपयांत भागतं. एक जाड फळी घ्यायची, तिच्या टोकाला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडायची, ती फळी टेबलाला शिकंज्याने आवळायची आणि खाचेवर काम ठेवून कापायचं. पात्याचे दात खाली बघतील असं पातं लावायचं, म्हणजे करवत खाली ओढताना कापते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिले चार दिवस मी पातं उलटं लावून घाम गाळत होते!

वर्षभराने मशीन घेतलं. भिशीचे पैसे आणि थोडी साठवण, बारा हजारांच्या घरात गेलं. आता हे मशीन म्हणजे काय, ते शिलाई मशीनवर बसलेल्या बाईला समजावणं सगळ्यात सोपं. सुई जशी वरखाली होते तसं इथे पातं वरखाली होतं. सुई जागची हलत नाही, कापड आपण फिरवतो. तसंच इथे लाकूड आपण फिरवायचं. ज्यांनी मशीनवर भरतकाम केलंय त्यांच्या हाताला हे आधीच येत असतं. पात्याचा ताण बोटाने छेडून बघायचा. तंबोऱ्याच्या तारेसारखा टणक आवाज आला की बरोबर, बद्द आला की पातं ढिलं आहे. ढिलं पातं रेघ सोडून भरकटतं. नक्षी आतून कापायची असेल तर काजासारखंच करायचं. आधी ड्रिलने भोक पाडायचं, पातं एका बाजूने सोडवून त्या भोकातून ओवायचं, पुन्हा आवळायचं. देव्हाऱ्याच्या जाळीत अशी चाळीस भोकं असली तर चाळीस वेळा ओवायचं. कंटाळा येणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.

पात्यांना नंबर असतात. नंबर लहान तितकं पातं बारीक. अर्धा-पाऊण इंच जाडीच्या लाकडाला मी पाच नंबरचं वापरते, बारीक जाळीला दोन किंवा तीन. नक्षी कागदावर काढून तो कागद लाकडावर चिकटवायचा आणि वरून खोकी बंद करायची रुंद पारदर्शक टेप लावायची, म्हणजे लाकूड करपत नाही आणि पातंही जास्त टिकतं.

लाकूड कुठून आणायचं? आमचा भाग सागाचा. शहापूर-मुरबाडच्या रस्त्यांना दुतर्फा साग दिसतो, त्यामुळे बाहेरच्यांना वाटतं, इथे काय, लाकूड फुकटच. तसं मुळीच नाही. साग आपल्याच बांधावर उभा असला तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही, त्यासाठी 1964 सालापासून कायदा आहे. मी फर्निचर करणाऱ्या सुतारमामांकडून उरलेले तुकडे घेते. ते नाही तर बंबातच जातात. साग दिसायला देखणा, पण त्यात वाळूचा अंश असतो, पात्याची धार लवकर मरते. शिवण मात्र हाताला लोण्यासारखं लागतं. हलकं, फिकट, आणि सहसा वाकत नाही. आंबाही चालतो. एमडीएफ स्वस्त आणि कापायला सोपं, पण त्याची धूळ फार वाईट. त्यात लाकडाच्या भुश्शाबरोबर फॉर्मल्डिहाइडवाला डिंक असतो. तोंडाला मास्क बांधल्याशिवाय ते कापू नका. खरं तर कुठलंच लाकूड मास्कशिवाय कापू नका, सागाची धूळही काहींना बाधते.

पहिल्या वर्षी मी सगळ्यांसारखीच तोरणं, किल्ल्या अडकवायच्या पट्ट्या, गौरीची पावलं, दारावरच्या पाट्या केल्या. नातेवाईकांना वाटल्या. कोणीही आलं की म्हणायचं, "वारली चित्रं का नाही करत तुम्ही? आपल्याकडचीच तर आहेत." वारली कला सुंदरच, जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या कलावंताला तिने 2011 साली पद्मश्री मिळवून दिली. पण ती मुख्यतः डहाणू, तलासरी, जव्हारकडची. आमच्याकडे वस्ती ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांची. तारपा नाचणारी माणसं ट्रेपासून उशीपर्यंत सगळीकडे चिकटवायची, हे मला काही पटत नाही.

मग मी काय करावं, ते मला मुरबाड तालुक्यातल्या एका ठाकरवाडीने शिकवलं.

बचत गटाच्या कामासाठी दर मंगळवारी मी तिकडे जाते. शहापूरहून किन्हवली, सरळगाव आणि तिथून टोकावड्याच्या बाजूला. अंगणवाडीत लाकडी कोड्यांचा एक संच आला होता. पाटीतल्या खाचेत चित्राचा तुकडा बसवायचा, तो प्रकार. त्यात झेब्रा होता, पेंग्विन होता, सफरचंद होतं. पोरं तुकडे खाचेत बसवायची, पण बोलायची एक अक्षर नाही. ताई विचारायच्या, "हा कोण?" पोरं गप्प. झेब्र्याला एकाने "घोडा" म्हटलं, तर ताईंनी "नाही" म्हटलं, आणि मग तोही गप्प झाला.

ही लाकडी कोडी मुळात शिकवण्यासाठीच जन्मली. 1760च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरी नावाच्या खोदकाम करणाऱ्या कारागिराने नकाशा पातळ फळीवर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापला, मुलांना भूगोल यावा म्हणून. म्हणजे मुलाला जे ओळखायला हवं, तेच कापायचं. आमच्या वाडीतल्या पोरांनी आधी काय ओळखावं? पेंग्विन?

घरी येऊन मी बैल कापला, मोर कापला, कोंबडा कापला आणि एक चिंबोरी. पहिला पाऊस झाला की रात्री बत्त्या घेऊन अख्खी वाडी चिंबोऱ्यांना जाते, हे मला ठाऊक होतं. पुढच्या मंगळवारी चारही तुकडे सतरंजीवर ठेवले. चिंबोरी दिसल्याबरोबर जो गलका झाला! कोणी कुठे पकडली, कोणाला चावली, कोणाच्या आजीने कशी भाजली. कधीही तोंड न उघडणारी एक चार वर्षांची पोर उठली, चिंबोरी हातात घेऊन उलटसुलट केली आणि मला म्हणाली, "हिचं पाय कमती हायेत."

मी मोजले. सहाच होते. पोरीने बोटं दाखवून सांगितलं, आठ पाय आणि वर दोन नांग्या!

तिला काय सांगणार, की अगं, पाय होते गं, कापताना तुटले. लाकडाच्या रेषा ज्या दिशेने जातात त्या दिशेने लांबट भाग टिकतो, आडवा आला की काडीसारखा मोडतो. चिंबोरीचे पाय सगळ्याच दिशांना. म्हणून तिच्यासाठी प्लायवूड घ्यायला हवं, त्यात एक थर उभा आणि एक आडवा चिकटवलेला असतो. सहा मिलिमीटरच्या प्लायमधून दुसरी चिंबोरी केली, दहाच्या दहा अवयवांची. कडा पॉलिश पेपरने, आधी 120 नंबर आणि मग 220, गोल केल्या. लहान मुलं सगळं तोंडात घालतात, त्यामुळे घशात अडकेल इतका बारीक तुकडा ठेवला नाही आणि हाती येईल तो ऑइलपेंटही लावला नाही.

त्यानंतर घोरपड आली, मासे पकडायची मळई आली, भाताचा भारा आला, एस.टी. आली. एस.टी.ला चाकं किती, यावरही वाद झाला.

हे सगळं छान चाललं असताना बोट कापलं. चूक पूर्णपणे माझी. रात्री नऊ वाजता, सगळ्यांची जेवणं उरकल्यावर, दमलेल्या डोळ्यांनी एक लहानसा तुकडा कापत होते. तुकडा दाबून धरणारा मशीनचा पाय मी वर केलेला, कारण त्याने रेघ झाकली जाते. पातं तुटलं, तुकडा उसळला, डावी तर्जनी पुढे गेली. तीन टाके पडले. या मशीनचं पातं गोल फिरत नाही, त्यामुळे मोठ्या करवतींपेक्षा धोका कमी, हे खरं. पण कमी म्हणजे नाही असं नव्हे. तेव्हापासून माझे नियम ठरलेत. पदर खोचलेला किंवा सरळ पंजाबी ड्रेस आणि ओढणी बाजूला, मंगळसूत्र आत, बांगड्या वर सारलेल्या, डोळ्यांना चष्मा, आणि रात्री जेवणानंतर मशीन बंद. लहान तुकडा मोठ्या फळीवर चिकटवून मगच कापायचा.

घरात मात्र वादळ झालं. यांनी मशीनवर चादर टाकली आणि म्हणाले, "विकून टाक. हौस म्हणून रांगोळी काढ, क्रोशे कर." सासूबाई म्हणाल्या, "बाईमाणसानं हत्याराला हात लावू नये, उगाच नाही म्हणत." मला राग आला तो याचा की, विळीवर माझं बोट गेल्या वीस वर्षांत किती वेळा कापलं असेल? विळी विकायला कुणी सांगितलं नाही!

दोन महिने चादर तशीच राहिली. वाडीतली पोरं विचारायची, नवीन काय आणलं? मी काहीतरी सांगून टाळायची. शेवटी एके दुपारी सासूबाई झोपल्या असताना मी चादर काढली. त्यांच्या माहेरून आलेल्या देव्हाऱ्याच्या जाळीतलं एक फूल कधीचं तुटलं होतं, ते शिवणीच्या तुकड्यातून कापून, रंग जुळवून बसवलं. संध्याकाळी त्यांनी दिवा लावला. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दोन पाकळ्या जाड झाल्यात." एवढंच. चादर पुन्हा कुणी टाकली नाही. पाकळ्या मी दुसऱ्या दिवशी कानशीने बारीक केल्या.

आता पैशांचं. प्रत्येक जण विचारतो, "यातून सुटतात किती?" खरं सांगते, फार नाही. नावाच्या पाट्यांचं काम मी करून बघितलं. एका व्यापाऱ्याने चाळीस पाट्या नेल्या, निम्मे पैसे दिले आणि उरलेल्यांसाठी आठ महिने हेलपाटे घालायला लावले. तशात लेझर मशीनवर कापलेल्या पाट्या आल्या. मला ज्या पाटीला दुपार लागते ती तिथे काही मिनिटांत होते. किमतीत आपला हात त्या मशीनशी झुंजू शकत नाही. खेळणी करून विकायची म्हटलं तर 1 जानेवारी 2021पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, तेव्हा ज्यांना धंदाच करायचाय त्यांनी आधी ती नोंदणी करावी. सावंतवाडीच्या चितार आळीत पिढ्यान् पिढ्या लाकडी फळं आणि खेळणी होतात. मी तिथे जाऊन बघून आले. त्यांच्या रंगाच्या हातामागे केवढी वर्षं आहेत ते पाहिलं आणि आपण वर्षभरात दुकान थाटू, हा विचार सोडून दिला.

तरीही वाडीतल्या गटातल्या एका वहिनीने हट्टच धरला. चिंबोरीचे पाय मोजणाऱ्या त्या पोरीची ही आई. "ताई, मला शिकवा." पावसाळ्यात तिकडे वीज दिवसदिवस जाते, मशीन नेऊन उपयोग नव्हता. मी तिला दादाची ती जुनी हातकरवत दिली आणि व्हीची खाच पाडलेली फळी. बांबू सोलणारा हात तो. पहिल्याच दिवशी तिने रेघ माझ्याहून सरळ कापली. या उन्हाळ्यात शेजारच्या दोन अंगणवाड्यांच्या ताईंनी स्वतःच्या खर्चाने तिच्याकडून एकेक संच करून घेतला. त्यात तिने बैलगाडी केली आणि बैलाच्या मानेवर जू अगदी जिथे असतं तिथेच बसवलं. माझ्या बैलाला जू नव्हतंच, मला सुचलंही नव्हतं.

ब्लेडं मी आसनगावहून लोकलने जाऊन मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून आणते. परवा निघताना वहिनीने हाक मारली. एका दिवसात तीन पाती तुटली होती, पोरीच्या हातून. "ती पन बसते आता संगट," वहिनी म्हणाली. "येत्या मंगळवारी दोन डझन आना ताई, नि बारीक नंबरची बी आना. तिला कोळ्याचं जाळं कापायचंय."