जेकबने केलेली यादी

नाशिकच्या ख्रिस्ती मंडळींचा इतिहास सांगायची वेळ आली की आपण मिशनरी, पाळक आणि कवी यांच्यापाशी थांबतो. सुतार, लोहार, छापखान्यात खिळे जुळवणारे, दवाखान्यात रात्रपाळी करणाऱ्या नर्सबाई, कारखान्यात लेथवर उभे राहणारे कामगार यांच्याबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. ही उणीव मला बोचते. अंबडच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करण्यात माझी नोकरीची वर्षे गेली. आता इंदिरानगरात निवांत आहे आणि जुने वाचायला वेळ आहे. जितके वाचतो तितके वाटते, की आमच्या विश्वासाची परीक्षा उपासनेपेक्षा सोमवारच्या पहिल्या पाळीत जास्त झाली आहे, आणि तिची सुरुवात दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी इथेच, शरणपुरात झाली.

चर्च मिशनरी सोसायटीचे नाशिकमधले काम १८३२ पासूनचे. १८५० च्या दशकात रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी शहराबाहेर शरणपूर वसवले. चर्च, शाळा, अनाथालय आणि त्यांच्या जोडीला उद्योगशाळा. तेव्हा धर्म बदलला की जात सुटे, गाव सुटे आणि गावाबरोबर पोटाचे कामही सुटे. त्यामुळे हाताला नवे काम शिकवणे ही शरणपूरची निकड होती. याच वस्तीत आफ्रिकेतली मुलेही आली. हिंदी महासागरात गुलामांची वाहतूक करणारी गलबते ब्रिटिश आरमार पकडत असे. सोडवलेली माणसे मुंबईत उतरवली जात आणि त्यांतली बरीच मुले शरणपूरच्या आश्रमात येत. पकडून विकली गेलेली, आईवडील कुठे आहेत ते ठाऊक नसलेली ही लेकरे नाशिकमध्ये लिहाय-वाचायला शिकली, हत्यार धरायला शिकली, प्रार्थना करायला शिकली. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हटले आहे.

डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ मध्ये मुंबईला आले. आफ्रिकेतल्या शेवटच्या प्रवासासाठी त्यांना माणसे हवी होती. त्यांनी शरणपूरची नऊ मुले निवडली आणि १८६६ च्या आरंभी ती त्यांच्याबरोबर निघाली. ही मुले पहिल्यापासून आदर्श होती असे कोणी समजू नये. लिव्हिंग्स्टन यांच्या रोजनिशीत त्यांच्याविषयी तक्रारी आहेत. काही वाटेत सोडून गेली. पण एडवर्ड गार्डनरसारखे शेवटपर्यंत टिकलेही. पुढे १८७२ मध्ये मदतीसाठी गेलेल्या तुकडीत नाशिकची आणखी काही मुले होती: जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार.

१ मे १८७३ रोजी चितांबो नावाच्या गावात, आजच्या झांबियात, लिव्हिंग्स्टन वारले. मालक गेला होता. आसपास एकही गोरा माणूस नव्हता, पगार देणारा नव्हता, जाब विचारणाराही नव्हता. पेट्यांतला माल वाटून घेऊन आपापल्या वाटेने निघून जाणे सगळ्यांत सोपे होते. त्यांनी उलट केले. पेट्या सर्वांसमोर उघडल्या आणि लिहिता येणाऱ्या जेकबला आत काय काय आहे त्याची यादी करायला सांगितले. पुढे कोणी चोरीचा आळ घेऊ नये म्हणून केलेली ही नोंद होती. मृतदेहातून काढलेले हृदय तिथेच झाडाखाली पुरले, तेव्हा अंत्यविधीचे वाचन जेकबनेच केले आणि झाडाच्या खोडावर नावही त्यानेच कोरले. देह वाळवून, झाडाच्या सालीत व कापडात बांधून, लिव्हिंग्स्टन यांचे जुने सोबती सुसी आणि चुमा यांच्या पुढारीपणाखाली ही मंडळी समुद्राकडे चालू लागली.

हजार मैलांहून अधिक वाट, आजार, वाटेतल्या गावांशी लढाई. पण मला त्यांतला एक प्रसंग फार मोलाचा वाटतो. वाटेत उन्यान्येंबेला त्यांची गाठ लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीला निघालेल्या लेफ्टनंट कॅमेरॉन यांच्या पथकाशी पडली. कॅमेरॉन यांनी सुचवले, की देह इथेच पुरावा, एवढी यातायात कशाला? बोलणारा इंग्रज अधिकारी, ऐकणाऱ्यांत सुटका झालेले गुलाम. तरी ते म्हणाले, नाही. कॅमेरॉन यांनी लिव्हिंग्स्टन यांची काही उपकरणे स्वतःच्या कामासाठी काढून घेतली. देह मात्र या लोकांनी सोडला नाही, आणि फेब्रुवारी १८७४ मध्ये तो बागामोयोच्या किनाऱ्यावर पोचवला. रोजनिशा आणि टिपणवह्याही नीट पोचल्या. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले, तेव्हा शवपेटी धरणाऱ्या मान्यवरांत जेकब वेनराइट होता.

ॲबीतला तो मान मोठा आहेच, पण माझे मन त्या यादीवर खिळते. तपासणीच्या खात्यात राहिलेल्या माणसाला यादीची किंमत कळते. मालक मेला आहे, उद्या काय होणार ठाऊक नाही, अशा वेळी शांतपणे बसून एकेक वस्तू कागदावर उतरवायची आणि ती सर्वांच्या साक्षीने उतरवायची. जेकबने तिथे प्रवचन केल्याचे मला कुठे वाचायला मिळाले नाही. त्याने यादी केली. अंत्यविधी आणि यादी दोन्ही एकाच माणसाने, एकाच हाताने लिहिल्या-वाचल्या, आणि त्याच्या दृष्टीने ती दोन वेगळी कामे नसावीत असे मला वाटते.

प्राइस १८७४ मध्ये मोंबासाजवळ गेले. तिथे फ्रिअरटाउन ही मुक्त गुलामांची वसाहत उभी राहिली आणि शरणपूरची दीडशेच्या आसपास माणसे तिकडे गेली. शरणपूरचा आफ्रिकन आश्रम मिटला. त्यांच्यातलाच विल्यम जोन्स १८८५ मध्ये धर्मसेवक झाला आणि त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारले गेल्यावर मागे राहिलेला सगळा काफिला त्याने सुखरूप किनाऱ्याला आणला. पुन्हा तेच काम: सोपवलेले परत पोचवणे.

मराठी ख्रिस्ती माणसाच्या आयुष्यात त्यानंतर बराच काळ नोकरी म्हणजे मिशनची नोकरी. शिक्षक, उपदेशक, बायबलबाई, कंपाउंडर, नर्स, वसतिगृहाची मेट्रन. पगार मिशनचा, घर मिशनच्या कंपाउंडात, मुले मिशनच्या शाळेत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना यातला धोका लवकर दिसला. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढची दोन दशके त्यांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला. ख्रिस्ताचे काम पगारी नोकर म्हणून करायचे नाही, हा त्यांचा निश्चय होता. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आपल्या नाशिकच्या. जन्म जवळच्या जलालपूरचा, १९३६ मध्ये शेवटही नाशिकलाच. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला त्यांच्या बाप्तिस्म्याच्या प्रसंगापेक्षा स्वयंपाकघरातली ती लांबलचक झटापट जास्त शिकवते. सोवळे एका दिवसात सुटले नाही. पाणी, भांडी, पंगत, असे करत करत सुटले. विश्वास रोजच्या कामात उतरायला असाच वेळ लागतो.

मिशनच्या कंपाउंडात राहणाऱ्याला एक मोठी सोय होती. भोवती सगळे आपलेच. स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशने आवरती झाली, त्यांच्या संस्था लहान झाल्या आणि आमची मुले बाहेर पडली. नाशिक रोडला १९२५ पासूनचा सिक्युरिटी प्रेस होता, त्याच्या शेजारी नोटांचा छापखाना. ओझरला विमानांचा कारखाना आला, सातपूर आणि अंबडला एमआयडीसी आली. शेतांच्या जागी सिडकोच्या आणि इंदिरानगरच्या वसाहती उभ्या राहिल्या आणि कारखान्यांतल्या कामगारांनी तिथे कर्ज काढून घरे घेतली. आता इंदिरानगरच्या एखाद्या सोसायटीत ख्रिस्ती कुटुंब एकच असते. शरणपूरच्या सेंट आंद्रिया चर्चला रविवारी जायचे तर महामार्गाखालच्या बोगद्याची गर्दी पार करावी लागते. आठवड्याचे बाकीचे दिवस तो माणूस एकटा असतो. मला वाटते, हे एकटेपण आमच्या विश्वासाच्या हिताचे झाले.

आमची नावे इथली, आडनावे इथली. नाव ऐकून सहकाऱ्यांना काही कळत नाही. उत्तम शुक्रवारची रजा मागितली की कळते. मग प्रश्न सुरू होतात. ‘तुम्ही आधी कोण होता?’ हा पहिला. त्यामागे जातीची चौकशी असते. उत्तर देताना लाज बाळगायची नाही, हे मला वडिलांनी शिकवले. आपले पूर्वज महार-मांग होते, गावकुसाबाहेर होते, हे सांगताना आवाज खाली गेला तर प्रभूच्या मेजाशी सगळे सारखे, हे आपण नुसते म्हणतो असा अर्थ होतो.

खंडेनवमीचा प्रसंग दरवर्षीचा. यंत्रे धुऊन पुसून, तेलपाणी करून, झेंडूच्या माळा घालून पूजा होते. साफसफाईत मी सगळ्यांच्या पुढे असे, कारण ज्या यंत्रावर घर चालते त्याची वर्षातून एकदा नीट निगा राखली जाते हे मला मनापासून आवडते. हळदकुंकू वाहायची वेळ आली की मी बाजूला उभा राहत असे. पहिल्या वर्षी कोणी तरी विचारले, मी सांगितले, पुढे कोणी विचारले नाही. प्रसादाचा पेढा मी खात असे. माझे एक नातेवाईक सातपूरच्या कारखान्यात होते, ते खात नसत. आमच्यात यावरून वाद झडत. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात नेमका हाच प्रश्न आहे. मूर्तीला वाहिलेले खावे की न खावे? पौल खाण्याला दोष देत नाही, पण आपल्या मोकळेपणामुळे दुर्बल मनाच्या भावाला ठेच लागू नये, याची काळजी घ्यायला सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वीचे ते पत्र कारखान्याच्या शेडमध्ये उभे राहून वाचले की त्याचा अर्थ फार स्पष्ट लागतो. ते नातेवाईक शेजारी असले की मी पेढा रुमालात बांधून घरी नेत असे.

पण पेढ्याचा प्रश्न तसा सोपा. अवघड प्रश्न महिनाअखेरीस येतो. एकदा एका लॉटमधल्या भोकांचे माप मर्यादेबाहेर गेले होते. गाडी दाराशी लागलेली. वरिष्ठ म्हणाले, “सही करून टाका हो, पुढचं पुढे बघू.” मी म्हणालो, “साहेब, माप बसत नाही. डेव्हिएशन काढा, मी त्यावर खरं माप लिहून सही करतो. गिऱ्हाईक हो म्हणालं तर माल जाऊ द्या.” त्यांना ते नको होते. माल त्या दिवशी गेला नाही आणि काही महिने मला गोडाऊनला बसवण्यात आले. त्या काळात माझ्या बाजूने उघडपणे बोलला तो एक माळकरी फिटर. पंढरीचा वारकरी, मापे घेण्यात पट्टीचा. त्यामुळे प्रामाणिकपणा हा फक्त ख्रिस्ती माणसाचा गुण आहे असे मी कधीच म्हणणार नाही. मग ख्रिस्ती म्हणून वेगळे काय करायचे होते? माझ्या मते, त्यानंतरचे. परत तपासणीत आल्यावर त्याच साहेबांबरोबर मनात अढी न ठेवता काम करणे. त्यांच्या मुलीच्या आजारपणात रक्त द्यायला जाणे. सही न करण्यापेक्षा हे मला जड गेले आणि प्रार्थनेशिवाय जमले नसते.

साक्ष देण्याविषयी आमच्या मंडळीत फार बोलले जाते. माझे मत ठाम आहे. हाताखालच्या माणसाला वरिष्ठाने धर्म सांगू नये. ज्याच्या हातात दुसऱ्याची रजा आणि पगारवाढ आहे, त्याच्या तोंडच्या निमंत्रणाला नकार देणे कठीण असते. कोणी आपणहून विचारले तर जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडून, मनमोकळे सांगावे. मला अशा रीतीने जितक्यांनी विचारले, त्यांच्याशी झालेले बोलणे आजही मोलाचे वाटते.

आणि आता जी गोष्ट मला जास्त सतावते ती. जेकब ॲबीत गेला, पण त्याच्याबरोबर तो देह वाहून आणणाऱ्यांना झांझिबारला पगार चुकता करून निरोप दिला गेला. जेकबला तरी मिशनने खर्च करून पाठवले होते. सुसी आणि चुमा इंग्लंडला पोचले ते दफन होऊन गेल्यावर, लिव्हिंग्स्टन यांच्या एका मित्राने खर्च केला म्हणून. काम संपले, हिशेब संपला. आजचा कंत्राटी कामगार याच वागणुकीत जगतो. कायम कामगाराच्या शेजारी, त्याच यंत्रावर, तेच काम करतो आणि त्याच्यापेक्षा खूपच कमी घेऊन घरी जातो. आमच्या पिढीने युनियनचे करार केले, तेव्हा बहुतेक वेळा ही माणसे करारात नव्हती. याकोबाच्या पत्रात कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी देवाच्या कानी ओरडते आहे. ते वचन आम्ही हंगामाच्या सणाला अनेकदा वाचले आणि ते जमीनदारांसाठी आहे असे समजून पुढे गेलो.

इंदिरानगरातल्या आमच्या घरसभेत आता येणारी बरीच मुले अंबडला कंत्राटावर आहेत. गीत, वचन आणि प्रार्थना झाली की तासभर आम्ही वेतनचिठ्ठ्या पाहतो. कापलेला पीएफ खात्यात जमा झाला की नाही हे मोबाइलवर कसे तपासायचे, ईएसआयचे कार्ड कुठे मागायचे, नियमापेक्षा जास्त तास थांबवले तर त्या तासांचे दुप्पट पैसे मिळायला हवेत आणि त्यासाठी हजेरीची आपली स्वतंत्र नोंद रोज कशी ठेवायची, हे सांगतो. शेजारच्या इमारतीतली दोन-तीन मुलेही येतात. ती ख्रिस्ती नाहीत, प्रार्थनेला बाहेर थांबतात आणि चिठ्ठ्या निघाल्या की आत येऊन बसतात. पुढच्या बैठकीला एका निवृत्त कामगार अधिकाऱ्यांना बोलावले आहे. तोवर प्रत्येकाने गेल्या सहा महिन्यांच्या पाळ्या, तास आणि हाती आलेली रक्कम वहीत लिहून आणायची आहे.