सव्वा परार्धाचा लाल ठिपका

ब्रेडबोर्डवर ५ मिलिमीटरचा लाल एलईडी, सोबत एक रेझिस्टर आणि सिरीजमध्ये मल्टिमीटर. पॉवर सप्लायचा नॉब हळूहळू फिरवत मीटरवर २०.० मिलिॲम्पिअर आले की बॅचमधला एकजण आकडा सांगतो, दुसरा रफ वहीत लिहून घेतो आणि दोघे पुढच्या रीडिंगला लागतात. डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत याहून साधा प्रयोग क्वचितच असेल. एलईडी पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला दोन-चार रुपयांत मिळतो. जळला तर कोणी बोलतही नाही.

हेच २० मिलिॲम्पिअर इलेक्ट्रॉनांत मोजायचे ठरवले की घोटाळा सुरू होतो. उत्तर येते सेकंदाला सव्वा लाख लाख कोटी इलेक्ट्रॉन. १२५ वर १५ शून्ये! भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त संख्यास्थानांची यादी एकं, दशं, शतं करत अठराव्या स्थानी परार्धाला येऊन संपते. परार्ध म्हणजे १ वर १७ शून्ये. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे. त्या मठातल्या विद्यार्थ्याची यादी जिथे संपायची, तिथून आपल्या दोन रुपयांच्या दिव्याचा एक सेकंद सुरू होतो, वर पाव परार्ध शिल्लक. हे इलेक्ट्रॉन सेकंदाला एक या वेगाने कोणी मोजायला बसला, तर त्याला सुमारे ३९६ कोटी वर्षे लागतील. पृथ्वीचे वय ४५४ कोटी आहे.

एवढी गर्दी म्हणजे वेगही तसाच असणार, असे मुलांना वाटते. व्हायवाला हमखास विचारावा असा हा प्रश्न आहे, आणि हमखास उत्तर येते, 'प्रकाशाच्या वेगाने, सर'. हिशोब करून बघा. ब्रेडबोर्डची जंपर वायर साधारण ०.६ मिलिमीटर जाडीची. तांब्याच्या एका घन सेंटिमीटरात मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन साडेआठ हजार कोटींवर आणखी बारा शून्ये इतके आहेत, त्यामुळे २० मिलिॲम्पिअरसाठी त्यांना फारसे हलावेच लागत नाही. सेकंदाला पाच मायक्रोमीटर, बस्स. तासाला पावणेदोन-दोन सेंटिमीटर. दोन तासांचे प्रॅक्टिकल संपते तेव्हा पॉवर सप्लायकडून निघालेला इलेक्ट्रॉन वायरीत तीन-चार सेंटिमीटर सरकलेला असतो. बहुतेक वेळा तो एलईडीपर्यंत पोचायच्या आधीच घंटा होते. दिवा मात्र स्विच दाबताक्षणी लागलेला असतो, कारण एलईडीतले इलेक्ट्रॉन तिथे आधीपासूनच होते. स्विचने फक्त सगळ्यांना एकदम ढकलले. हा हिशोब फळ्यावर करून दाखवण्यापेक्षा मुलांना स्वतः करायला लावावा. आपल्या उत्तरावर त्यांचाच विश्वास बसत नाही, आणि ते तीनदा करून बघतात.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. याच मांडणीत प्लँकचा स्थिरांक मोजता येतो. व्होल्टेज थोडे थोडे वाढवत आलेख काढायचा, वर चढणाऱ्या रेषेला स्पर्शिका काढून ती खालच्या अक्षाला कुठे छेदते ते पाहायचे. लाल एलईडी, तरंगलांबी ६४० नॅनोमीटर, व्होल्टेज समजा १.८ आले. इलेक्ट्रॉनचा भार, हे व्होल्टेज आणि तरंगलांबी यांचा गुणाकार करून प्रकाशाच्या वेगाने भागले की मिळते ६.१६ गुणिले १०चा उणे ३४वा घात. म्हणजे दशांशचिन्हानंतर ३३ शून्ये आणि मग ६. साध्या मीटरला दोन दशांशस्थळांपलीकडे फारसे दिसत नाही, आणि त्याच्यावरून आपण तेहतीस शून्यांच्या पलीकडचा अंक वाचतो.

खरी किंमत ६.६२६. म्हणजे चूक सात टक्के. माझ्या मते प्रयोगातला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच, आणि नेमका तोच जर्नलमधून गायब होतो. जर्नल सर्टिफाय व्हायचे म्हणून रीडिंगे 'जुळवली' जातात आणि अख्ख्या वर्गाचे उत्तर ६.६ येते. खुद्द प्लँकची १९००च्या सुमाराची किंमत ६.५५ होती! ६.१६ लिहिणाऱ्याला विचारावे की कमी का आले. मग बोलता येते की एलईडीला ठाम उंबरठा नसतोच, प्रवाह आधीपासून घातांकाने वाढत असतो, खोलीच्या उष्णतेचा इलेक्ट्रॉनला हातभार लागतो आणि प्रकाशही एका तरंगलांबीचा नसून पंधरा-वीस नॅनोमीटरच्या पट्ट्यात पसरलेला असतो. २० मे २०१९ पासून या स्थिरांकाची किंमत कायमची ठरवून किलोग्रॅमची व्याख्या तिच्यावर बसवली आहे. वाण्याचा किलोही शेवटी त्या तेहतीस शून्यांच्या भरवशावर आहे.

दोन्ही टोके एकमेकांना भिडवली की गंमत होते. ६४० नॅनोमीटरच्या एका फोटॉनची ऊर्जा ३.१ गुणिले १०चा उणे १९वा घात ज्यूल. तिला सव्वा परार्धाने गुणले की उरतात ३९ मिलिवॉट. इकडे २० मिलिॲम्पिअरला एलईडीवर साधारण दोन व्होल्ट पडतात, म्हणजे ४० मिलिवॉट. एक संख्या कल्पनेत मावत नाही इतकी मोठी, दुसरी तितकीच छोटी, आणि गुणाकार मीटरशी जुळतो. सगळ्या इलेक्ट्रॉनांचे फोटॉन होऊन बाहेर पडत मात्र नाहीत. समजा दहातला एकच पडला आणि प्रकाश सगळीकडे सारखा पसरला, तरी अंधारात एक किलोमीटरवर उभ्या माणसाच्या प्रत्येक डोळ्यात सेकंदाला तीसेक हजार फोटॉन शिरतील.

एवढ्या पैशात आणखी एक प्रयोग होतो. लाल एलईडी मीटरला जोडून त्याच्यासमोर हिरवा पेटवला, तर लाल सोलर सेलसारखा वागतो आणि काही मायक्रोॲम्पिअर देतो. जागा बदला. लाल पेटवला तर हिरव्याला जोडलेले मीटर ०.० दाखवते, प्रकाश कितीही वाढवा. हिरव्यातला इलेक्ट्रॉन उठवायला साधारण २.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात आणि लाल फोटॉनपाशी १.९४ असतात. परार्ध फोटॉन आले तरी प्रत्येकजण एकेकटाच अपुरा पडतो, त्यांना वर्गणी काढता येत नाही.

फक्त त्या ०.० वर लगेच विश्वास ठेवू नये. २०० मायक्रोॲम्पिअरच्या रेंजवर मीटरला ०.१च्या खालचे दिसत नाही, आणि ०.१ मायक्रोॲम्पिअर म्हणजे सेकंदाला ६२ हजार कोटी इलेक्ट्रॉन. खात्री हवी तर एलईडीवर काळा कागद गुंडाळून ट्यूबलाइटचा उजेड अडवावा, ऑपॲम्पला फीडबॅकमध्ये १० मेगओहमचा रेझिस्टर लावावा आणि मग बघावे. आता एका नॅनोॲम्पिअरला १० मिलिव्होल्ट मिळतात. तेही ६२४ कोटी इलेक्ट्रॉन, पण निदान मीटरला दिसणारे.