बटणाची रुंदी : मोजावी की मापावी?

पुणे–लोणावळा लोकलची स्थानके संगणकाच्या पडद्यावर बटणांच्या रूपाने मांडावयाची आहेत, असे समजा. प्रत्येक बटण किती रुंद करावे? पुष्कळजण अक्षरे मोजू लागतात. बटणे रचून देणारे ‘टीके’ नावाचे एक टूलकिट आहे. त्यात रुंदीचा आकडा दिला, की तितकी शून्ये मावतील एवढी जागा धरली जाते. इंग्रजीचे त्यावर भागते, मराठीची फसगत होते. ‘कान्हे’ म्हणजे संगणकाच्या लेखी क, काना, न, पाय मोडल्याची खूण, ह आणि मात्रा अशी ६ चिन्हे, ‘मळवली’ची ५च. पण लिहून पाहा, जागा कोणाला अधिक लागते ते! तेव्हा मोजणे सोडून मापणे बरे. आकडा दिलाच नाही, तर टूलकिट निवडलेल्या ठशात शब्द मापते आणि भोवती थोडी मोकळी जागा सोडते. मग उभ्या रांगेत सर्वांना सर्वांत रुंद बटणाची, म्हणजे बहुधा ‘शिवाजीनगर’ची, रुंदी द्यावी, कडा एका ओळीत येतात. उंचीबाबत तर अधिकच जपावे लागते. आपल्या वेलांट्या वर चढतात, उकार खाली उतरतात. इंग्रजीवर बेतलेली ठाम उंची दिली, तर ‘पुणे’चा उकार कापला जातो, आणि तिकीट काढू पाहणाऱ्या आजीबाईंपुढे उरते नुसते ‘पणे’.