साडेतीन नंबरचं चित्र

गेममधला डोंगर असो की गाडी, पडद्यावर बहुतेक सगळे त्रिकोणच असतात. त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांना रंग दिले की मधल्या प्रत्येक पिक्सेलचा रंग ग्राफिक्स चिप स्वतःच काढते. कोपरा जितका जवळ, तितका त्याचा वाटा मोठा. लाल हळूहळू पिवळ्यात मिसळतो, छान दिसतं. पण कोपऱ्यांवर रंगाऐवजी ‘चित्र क्रमांक 3’, ‘चित्र क्रमांक 4’ असे पूर्णांक ठेवले तर? साडेतीन नंबरचं चित्र आणायचं कुठून?

शेडर म्हणजे ग्राफिक्स चिपवर चालणारा छोटा प्रोग्राम. इथे जीएलएसएल या शेडर-भाषेचा कंपायलर आडवा येतो. पिक्सेलच्या शेडरकडे येणाऱ्या पूर्णांकावर ‘फ्लॅट’ हा शब्द लिहावाच लागतो. मग मिसळणं बंद. एका ठरलेल्या कोपऱ्याची किंमत अख्ख्या त्रिकोणाला. तो शब्द नसेल तर प्रोग्राम नामंजूर.

ब्राउझरमध्ये ग्राफिक्स दाखवणाऱ्या वेबजीएलचं सोवळं याहून कडक. 2011 च्या पहिल्या आवृत्तीत असे पूर्णांक पाठवताच येत नाहीत, आणि दशांश चलात नुसता 1 ठेवला तरी चूक. नवख्यांना हा छळ वाटतो. मला मात्र नंतर चुकीच्या रंगाचं कारण शोधत बसण्यापेक्षा आधीची ‘एरर’ परवडते. शेडर शिकायला बसलात तर 1 नव्हे, 1.0 लिहा.